कुत्र्याला घेऊन हॉटेलात जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत कुत्र्याला बरोबर घेऊन जेवायला जाणे आता फारसे नवलाचे राहिलेले नाही, पण त्याबाबतचे प्रश्न मात्र कमी झालेले नाहीत. पुढील प्रश्नांपैकी बहुतेक कुत्रा पाळणाऱ्यांचे आहेत, काही हॉटेलचालकांचे आहेत आणि दोन-तीन तर शेजारच्या टेबलावर बसलेल्या, कुत्र्यांशी काहीही देणेघेणे नसलेल्या मंडळींचे आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : हॉटेलात जाण्याची हौस कुत्र्याला नसते, ती आपल्याला असते, आणि म्हणून त्या हौसेची झळ त्याला, वाढणाऱ्यांना किंवा शेजारच्यांना पोहोचणार नाही हे पाहणे आपल्याकडेच येते.

‘पेट-फ्रेंडली’ अशी पाटी असली म्हणजे कुत्र्याला कुठल्याही टेबलाशी बसवता येते का?

नाही. या एका शब्दाखाली वेगवेगळ्या व्यवस्था चालतात. सर्वांत जास्त आढळणारी व्यवस्था म्हणजे अंगणात, व्हरांड्यात किंवा गच्चीवर कुत्र्यासह बसण्याची मुभा आणि आत मनाई. पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, बाणेर या भागांत झाडांखाली टेबले मांडलेले जे कॅफे आहेत, त्यांपैकी पुष्कळांचा नियम असाच असतो. काही ठिकाणी आतही प्रवेश मिळतो, परंतु तो आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा ठरावीक वेळेपुरता असतो. मुंबईत जागेचीच चणचण असल्यामुळे अंगण ही चैन क्वचितच वाट्याला येते आणि प्रश्न थेट आतल्या टेबलांचा होतो. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या डूलाली या बिअर बनवणाऱ्या कंपनीने पुढे मुंबईत काढलेल्या टॅपरूम, म्हणजे तिची ताजी बिअर मिळणारी उपाहारगृहे, कुत्र्यांचे स्वागत करण्यासाठी ओळखल्या जातात. याउलट इराणी हॉटेल, उडुपी हॉटेल किंवा खानावळ येथे टेबले इतकी लगत असतात की परवानगी मिळाली तरी कुत्र्याचे शेपूट कुणाच्या ना कुणाच्या चपलेखाली येणारच.

त्यामुळे निघण्यापूर्वी, शक्यतो त्याच दिवशी, फोन करावा आणि ‘कुत्रा चालतो का?’ एवढेच न विचारता कुत्रा किती मोठा आहे ते सांगून आत की बाहेर, कोणत्या वेळेत आणि कोणत्या टेबलाशी बसता येईल हे विचारावे. नेटवरच्या याद्यांवर विसंबू नये. मॅनेजर बदलला की धोरण बदलते आणि यादी मात्र तशीच राहते.

कायद्याने कुत्र्याला हॉटेलात नेण्याचा हक्क आपल्याला आहे का?

तसा हक्क नाही, आणि याबाबतीत बराच गैरसमज आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2011 च्या परवाना व नोंदणीविषयक विनियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी दिलेल्या आहेत आणि त्यांत प्राणी, पक्षी व पाळीव जनावरे यांना खाद्य आस्थापनेच्या क्षेत्रात येऊ देऊ नये असे म्हटले आहे. हा नियम उंदीर-घुशींपासून अन्न वाचवण्याच्या संदर्भात आलेला असला, तरी त्याची भाषा व्यापक आहे. म्हणूनच सावध हॉटेलचालक कुत्र्यांची बैठक स्वयंपाकघर, वाढपाची खिडकी आणि अन्नाचा काउंटर यांपासून दूर, बहुधा उघड्यावर ठेवतो. तो नकार देत असेल तर त्याला प्राणीद्वेष्टा म्हणण्याचे कारण नाही, कारण परवाना त्याच्या नावावर आहे.

काही जण अशा वेळी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे 2015 चे परिपत्रक मोबाइलवर दाखवतात. ते परिपत्रक गृहनिर्माण संस्थांनी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू नये यासंबंधीचे आहे. हॉटेलच्या दारात त्याचा उपयोग नाही. युरोपीय संघात नियमाची मांडणी वेगळी आहे : तेथे अन्न शिजवण्याच्या, हाताळण्याच्या आणि साठवण्याच्या जागी पाळीव प्राण्यांना अटकाव आहे, जेवणाच्या दालनाचा निर्णय बव्हंशी मालकावर सोपवलेला आहे. युरोपात राहून आलेल्या आपल्या नातेवाइकांना ‘तिकडे तर कुत्री टेबलाखाली बसलेली असतात’ असे जे वाटते, त्याचे मूळ या फरकात आहे.

सोबत कोणती कागदपत्रे ठेवावीत?

रेबीजच्या लशीची चालू नोंद असलेले लसीकरण पुस्तक आणि महानगरपालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना. पुणे आणि मुंबई या दोन्ही महानगरपालिकांत हा परवाना घ्यावा लागतो व त्याचे नूतनीकरण करावे लागते. हॉटेलात तो सहसा कोणी मागत नाही, परंतु काही बरेवाईट घडले तर पहिला प्रश्न त्याचाच निघतो. दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये असले तरी पुरे.

पिल्लाला कधीपासून नेता येईल?

लसींची पहिली मालिका पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पिल्लाला इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या जमिनीवर सोडू नये. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार पिल्लांच्या जिवावर बेततात आणि पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिली जाते. याचा अर्थ पिल्लाला तोवर घरात कोंडून ठेवावे असा नाही. त्याला कडेवर घेऊन रस्त्यावरचे आवाज, गर्दी, भांड्यांचा खणखणाट यांची ओळख याच वयात करून दिली पाहिजे.

आमचा कुत्रा हॉटेलात नेण्याजोगा आहे की नाही हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांनी विचारावा असा आहे आणि तो फार थोडे विचारतात. घरी गोड असलेला कुत्रा बाहेर गोड असेलच असे नाही. घरात त्याला प्रत्येक वासाचा आणि आवाजाचा अर्थ ठाऊक असतो. हॉटेलात वरून ताट जाते, मागून खुर्ची सरकते, समोरून मूल धावत येते, कुठेतरी मिक्सर सुरू होतो आणि या सगळ्यात त्याचा गळा पट्ट्याने बांधलेला असतो. म्हणजे भीती वाटली तर पळण्याची सोय नाही. पळता न येणारा घाबरलेला कुत्रा कधी ना कधी गुरगुरतो, आणि ते आपल्याला अचानक घडल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात तो बराच आधी सांगत असतो. भूक नसताना वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, कान मागे टाकणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पायांत घेणे, उन्हाळा नसताना धापा टाकणे, एरवी ज्यासाठी जीव टाकतो तो खाऊ नाकारणे : यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर त्याला तिथे बसायचे नाही असा त्याचा सरळ अर्थ असतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे हेही नेहमी खरे नसते. ताठ, उंच धरलेले आणि जलद हलणारे शेपूट उत्तेजना दाखवते, मैत्री नव्हे.

जातीवरून थोडा अंदाज येतो, पण थोडाच. लॅब्राडॉर माणसांत रमतो, मात्र अन्नासाठी त्याचा संयम सुटतो. बीगल नाकाच्या मागे जातो. आपल्याकडचा कारवानी हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. हॉटेलच्या आवारातले मांजर त्याच्या दृष्टीस पडले की त्याला दुसरे काही सुचत नाही. आपले गावठी कुत्रे हुशार असतात, परंतु रस्त्यावर वाढून नंतर घरात आलेले असतील तर अनोळखी माणसांविषयी त्यांच्या मनात जो संशय असतो तो त्यांच्यापुरता शहाणपणाचाच असतो. माझी स्वतःची कुत्री अशीच आहे. तिला सकाळी आठ वाजता रिकाम्या अंगणात अर्धा तास बसायला आवडते आणि शनिवारी संध्याकाळी ती घरी राहते. हे स्वीकारायला मला साधारण वर्ष लागले, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

सवय कशी लावावी?

सुरुवात घरातच, सतरंजीच्या एका तुकड्यापासून करावी. आपले जेवण चालू असताना कुत्र्याने त्या तुकड्यावर बसावे आणि पानातले काहीही त्याला मिळू नये. मिळायचे ते बक्षीस सतरंजीवरच आणि त्याच्या स्वतःच्या खाऊतून मिळावे. ‘जागेवर’ असा एकच शब्द घरातल्या सगळ्यांनी वापरावा. आजोबांनी गुपचूप पोळीचा तुकडा दिला की पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते, ही सर्वच घरांतली अडचण आहे.

ती सतरंजी मग इमारतीखाली, बागेतल्या बाकाशी आणि त्यानंतर एखाद्या अमृततुल्यासमोर न्यावी. चहाची टपरी ही या शिक्षणासाठी उत्तम शाळा आहे. तिथे गर्दी असते, कपांचा आवाज असतो, बिस्किटे पडलेली असतात, आणि एक कटिंग संपेपर्यंतच थांबायचे असल्यामुळे कुत्र्याच्या सहनशक्तीची परीक्षा लांबत नाही. दहा मिनिटे शांतपणे गेली तर पुढल्या वेळी वीस मिनिटे. पहिल्या हॉटेलभेटीत जेवण मागवूच नये. कॉफी घ्यावी, पैसे आधी द्यावेत आणि कुत्रा कंटाळण्यापूर्वी उठावे.

निघण्यापूर्वी तासभर भरपूर फिरवून, लघवी-शी उरकून आणि थोडे खायला घालून नेलेला कुत्रा आणि दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडून सायंकाळी थेट हॉटेलात नेलेला कुत्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टेबल कोणते निवडावे आणि कोणत्या वेळी जावे?

कोपऱ्यातले, भिंतीला लागून असलेले, वेटरच्या वाटेत न येणारे आणि स्वच्छतागृहाच्या रस्त्यावर नसलेले. कुत्र्याला पाठीशी भिंत आणि पुढे आपले पाय मिळाले की तो लवकर आडवा होतो. वेळ कामाच्या दिवसाची सकाळ किंवा दुपारी चार-साडेचारची असावी.

पट्टा कधीही खुर्चीला बांधू नये. हा सल्ला अनुभवाने आलेला आहे : एका अंगणातल्या कॅफेत मी पट्टा प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायात अडकवून बिल द्यायला उठलो, तेवढ्यात भिंतीवरून मांजर गेले आणि कुत्रीमागोमाग खुर्ची, खुर्चीमागोमाग मी अशी वरात आवारभर निघाली. खुर्ची मागे येते आहे हे पाहून कुत्री मांजर विसरली आणि खुर्चीच्याच भीतीने पळत सुटली. पट्टा हातात, मांडीखाली किंवा टेबलाच्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या पायाला असावा. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा बरा. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी हॉटेलात कुणाच्या तरी पायात अडकते.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे तापमान चाळिशीला टेकते तेव्हा दुपारची वेळ पूर्णपणे टाळावी. अंगणातली फरशी तापलेली आहे का हे हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावे. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे 38.5 अंश सेल्सियस असते आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याची मुख्य मदार धापेवर असते. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही पुरेशी टाकता येत नाही, त्यामुळे त्यांना उष्माघात लवकर होतो. घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही लक्षणे दिसताच सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे.

बरोबर काय काय न्यावे?

त्याची स्वतःची पाण्याची वाटी, सतरंजी, शी उचलण्यासाठी पिशव्या, जुना टॉवेल आणि चघळायला काहीतरी जे संपायला वेळ लागेल. हॉटेलची ताटवाटी कुत्र्यापुढे ठेवू नये. ती नंतर उकळत्या पाण्यातून निघणार असली तरी शेजारच्या टेबलावरून ते दृश्य पाहणाऱ्याचे मन त्या जेवणावरून उठते, आणि त्यात त्याची चूक काही नाही.

आमच्या ताटातले काय चालते आणि काय चालत नाही?

थोडक्यात सांगायचे तर मराठी, पंजाबी किंवा चायनीज अशा कोणत्याही हॉटेलच्या ताटातले जवळजवळ काहीच चालत नाही, आणि त्याचे मुख्य कारण तिखट नसून कांदा-लसूण आहे. कांद्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ते नाहीसे होत नाहीत; उलट कांद्याच्या पुडीत ते अधिक एकवटलेले असतात आणि लसूण वजनाच्या मानाने कांद्याहून तीव्र असतो. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवण्यास पुरेसा ठरतो, म्हणजे पाच किलोच्या शित्झूला मध्यम आकाराचा एक कांदा. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, बिर्याणी, मिसळीचा कट, पनीर बटर मसाला यांच्या वाटीत किती कांदा विरघळलेला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. परिणाम त्याच रात्री दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस-काळपट होते, आणि तोपर्यंत त्या हॉटेलभेटीची आठवण कुणाला राहिलेली नसते.

द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्याने हे होते याचा नेम नाही, म्हणून शिरा, पुलाव आणि आइसक्रीम यांतला एकही बेदाणा देऊ नये. यामागे टार्टरिक आम्ल असावे असे पशुवैद्यक आता मानू लागले आहेत, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असल्यामुळे चिंचेची चटणी, आमटी व सांबार यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवणे शहाणपणाचे आहे. चॉकलेटमधील थिओब्रोमिन हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम करते; चॉकलेट जितके काळे आणि कडू तितका धोका अधिक. कॉफीचेही तसेच. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम किंवा मिठाई पोटात गेली तर अर्ध्या तासातही रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. श्रीखंडातले जायफळ चिमूटभर असते हे खरे, परंतु त्याबरोबर येणारी साखर आणि स्निग्धांश हेच नको असण्याला पुरेसे कारण आहे. गंमत म्हणून बिअरचा घोट देणाऱ्यांना मात्र काय सांगावे हे कळत नाही. अल्कोहोल तर घातक आहेच, बिअरमधले हॉप्सही कुत्र्यांना विषारी असतात.

शिजलेली हाडे देऊ नयेत. तंदुरीतले कोंबडीचे हाड कोरडे होऊन उभे चिरते आणि त्याची टोके घशात किंवा आतड्यात रुततात. मटणाच्या चरबीचा किंवा तळणीचा मोठा घास स्वादुपिंडाच्या सुजेला निमंत्रण देतो.

देण्यासारखे हवेच असेल तर बिनमिठाचा, बिनमसाल्याचा, बिनहाडाचा उकडलेला चिकनचा तुकडा, साधा भात, उकडलेले अंडे, काकडी, गाजर किंवा बिया काढलेले कलिंगड मागवावे. वेटरला ‘फिके द्या’ असे सांगून भागत नाही, कारण फिक्यातही आले-लसूण असतेच. ‘नुसते पाण्यात उकडलेले’ असे स्पष्ट सांगावे.

कुत्र्यांसाठी वेगळा मेन्यू असतो तो घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, घेतलाच पाहिजे असेही नाही. चिकन-भात, अंडे, घटक सांगता येतील अशी बिस्किटे ठीक असतात. ‘पपुचिनो’ म्हणजे बहुधा फेटलेली मलई असते. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि परतीच्या वाटेवर गाडीची गादी खराब होते. त्यात फोटोसाठीचा भाग मोठा असतो, हे मनाशी कबूल करून मागवावे.

शेजारच्या टेबलावरच्यांना कुत्रा नको असेल तर?

तर आपण जागा बदलावी, त्यांनी नव्हे. हॉटेलने परवानगी दिलेली असली तरी ती कुत्र्याला बसू देण्याची असते, दुसऱ्याच्या पायाशी जाण्याची नसते. कुणाला ॲलर्जी असते, कुणाला धार्मिक कारणाने कुत्र्याचा स्पर्श चालत नाही, कुणाला लहानपणी चावा बसलेला असतो आणि कुणाला केवळ आवडत नाही. या चारही कारणांचे वजन सारखेच आहे आणि कारण विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘तो काही करत नाही हो’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्यांनी शब्दकोशातून काढून टाकावे. घाबरलेल्या माणसाला त्याने धीर येत नाही, फक्त आपली भीती हास्यास्पद ठरवली गेली असे वाटते.

वेटरनाही हाच न्याय लावावा. नोकरी असल्यामुळे ते तक्रार करत नाहीत, पण टेबलाशी येताना अंग चोरणारा मुलगा दिसला तर ताट आपण हात पुढे करून घ्यावे आणि कुत्र्याला आपल्या दुसऱ्या बाजूला वळवावे.

मुले हात लावायला येतात तेव्हा काय करावे?

आधी कुत्र्याकडे पाहावे, मग मुलाच्या आईवडिलांकडे, आणि दोघांची तयारी असेल तरच हो म्हणावे. मुलाने समोरून येऊन डोक्यावर हात ठेवू नये. बाजूला उभे राहून कुत्र्याला हात हुंगू द्यावा आणि नंतर छातीपाशी किंवा खांद्यावर हलकेच थोपटावे. कुत्रा खात असताना किंवा झोपलेला असताना नाही म्हणावे. ‘नको बाळा, तिला आज बरं वाटत नाहीये’ एवढे खोटे क्षम्य आहे.

चावा घेतला किंवा ओरखडा उठला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ प्रत्यक्षात फार लांब वाटतो, म्हणून घड्याळ लावावे. जखमेवर हळद, चुना, तिखट असे काही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रेबीजविरोधी लस, आणि जखम रक्ताळलेली असल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), यांचा निर्णय डॉक्टर घेतील. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून दुसऱ्याने उपचार घेऊ नयेत असा आग्रह धरू नये. लसीकरणाची नोंद त्यांना द्यावी, नाव व संपर्क द्यावा आणि उपचाराचा खर्च न मागता उचलावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार ताब्यातील प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आमचा रॉटवायलर शांत आहे, तरी त्याला नकार मिळतो. हे योग्य आहे का?

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने रॉटवायलर व पिटबुलसह 23 जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केले. तो वाद कोर्टात काहीही झाला तरी हॉटेलमालकाचा नकार देण्याचा अधिकार त्यामुळे बदलत नाही. शिवाय लहान कुत्र्याचा राग ओरखड्यावर निभावतो आणि पन्नास किलोच्या कुत्र्याचा निभावत नाही, हा हिशेब तो करतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही. मुसकी घालण्याची सवय असेल आणि ती घालून नेण्याची तयारी आपण फोनवरच दाखवली, तर काही ठिकाणी परवानगी मिळते. बंद जबड्याची कापडी पट्टी मात्र वापरू नये. धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी टोपलीसारखी मुसकी हवी.

रस्त्यावरची कुत्री टेबलाशी येतात. त्यांना उरलेले घालावे का?

टेबलावरून घालू नये. एकदा घातले की ती प्रत्येक टेबलाशी उभी राहतात, मग वेटर काठी उचलतो आणि मार त्यांना बसतो. आपला पट्ट्यातला कुत्रा आणि मोकळे कुत्रे यांच्यात अन्न आले तर भांडण ठरलेलेच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशाप्रमाणे भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर कुठेही खायला घालण्यास मनाई असून त्यासाठी महानगरपालिकांनी जागा नेमून द्यायच्या आहेत. आणि उरलेल्या अन्नातला कांदा त्यांच्याही रक्ताला तेवढाच घातक आहे.

पावसाळ्यात आणि सणासुदीत काय वेगळी काळजी घ्यावी?

पावसाळ्यात अंगणातल्या साचलेल्या पाण्यातून चालवू नये आणि ते पिऊ देऊ नये; उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस वर्षातून एकदा देतात. हिरवळीवर बसून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड तपासावेत. ओला कुत्रा कितीही लाडका असला तरी त्याचा वास लाडका नसतो, तेव्हा दारातच टॉवेलने पुसून मग आत जावे.

पुण्यात गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी त्या बाजूच्या कॅफेत कुत्र्याला नेणे टाळावे. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत तर कुठेच नेऊ नये; घाबरून पट्टा तोडून पळालेली कुत्री याच दिवसांत सर्वाधिक शोधावी लागतात.

तिथवर न्यायचे कसे?

स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा. चालकाला आधी विचारावे, सतरंजी सीटवर नव्हे तर पायांशी अंथरावी, कुत्र्याला बाहेरच्या बाजूला बसवू नये आणि उतरताना वीस-तीस रुपये वर द्यावेत. केसांनी भरलेली सीट पुढच्या सवारीआधी त्यालाच झाडायची असते.

गोव्यात तर सगळीकडे कुत्री चालतात ना?

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वातावरण मोकळे असते हे खरे, आणि वाळूत पाय ताणून झोपलेला कुत्रा हा तिथल्या दृश्याचाच भाग वाटतो. पण ती बहुधा त्या शॅकच्या आश्रयाला असलेली स्थानिक कुत्री असतात आणि ती जागा त्यांची असते. आपला कुत्रा तिथे पाहुणा आहे. आधी पट्ट्यात ठेवून, लांबून, दोन्ही पक्षांना एकमेकांकडे पाहू द्यावे आणि कडेचे टेबल घ्यावे. समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये. उलट्या-जुलाब होऊन सुट्टीचे दोन दिवस दवाखान्यात जातात.

हॉटेलात शी-शू झाली तर काय करायचे?

न सांगता निघून जायचे नाही, एवढेच काय ते. लगेच सांगावे, पिशवीने स्वतः उचलावे, पाणी आणि फडके मागून घ्यावे आणि साफ करणाऱ्याच्या हातात वेगळे पैसे ठेवावेत. त्यानंतर पुन्हा त्या ठिकाणी जाण्याचा धीर झाला, तर बहुतेक वेळा मालकच आपल्याला ओळखून विचारतो की आज आधी फिरवून आणलेत ना.

मांजरही नेता येईल का?

बहुतेक ‘पेट-फ्रेंडली’ ठिकाणी नियमाने येते. पण टोपलीतून बाहेर न येता दोन तास आपल्याकडे रागाने पाहणाऱ्या मांजरासमोर जेवण घशाखाली उतरत नाही, असे ते करून पाहिलेल्या सर्वांनी कळवले आहे.